मुठीतला गंज

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. त्या दिवशी खंडेनवमी होती. अंबाजोगाईहून निघालेल्या जीपमधून मी युसूफ वडगावला उतरलो आणि माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे भाऊंच्या, अंगणात पाऊल टाकले. ओट्यावर चिंचेचा कोळ, काथ्याचा बोळा आणि परळीच्या राखेचा पत्र्याचा डबा मांडलेला होता. वीजकेंद्राची ही राख पिठासारखी बारीक असते. भाऊंच्या घरी तिने तांब्याची भांडी घासतात. डब्याशेजारी ओल्या फडक्यावर वडिलांची तलवार होती. तिची मूठ काढून बाजूला ठेवली होती.

मी चप्पलही काढली नव्हती.

“हे कोणी केलं?”

“म्या,” भाऊ म्हणाले. “पहाटं भिजत घातलं व्हतं. बघ की, कसं रुप्यावानी निघालं!”

वडील, आमचे आबा, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर शिपाई होते. परतताना त्यांनी ही तलवार आणली. ती शरण आलेल्या एका जपानी अधिकाऱ्याची, एवढेच ते सांगत. त्यापुढे एक अक्षर नाही. गावात त्यांच्या शब्दाला वजन होते. बांधाचा तंटा असो वा सोयरिकीचा, ‘फौजी म्हणला’ एवढ्यावर माणसे उठून घरी जात. तलवार ट्रंकेत, तेल लावलेल्या धोतराच्या फडक्यात असे. खंडेनवमीला ती म्यानासकट पाटावर येई, म्यानाला हळदकुंकू लागे आणि ती पुन्हा ट्रंकेत जाई. म्यानातून काढण्यास मनाई होती. कारण विचारण्यासही मनाई होती. वडील गेल्यावरही भाऊंनी हा शिरस्ता आजवर मोडला नव्हता.

गेल्या महिन्यात घरात बारसे झाले. भाऊंचे व्याही चौसाळ्याचे. त्यांचे महामार्गावर ट्रकच्या सुट्या भागांचे दुकान आहे. ते भर पंगतीत म्हणाले, “पाव्हणं, तुमची जपानी तलवार म्हंजी ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याची हाय. असल्या हैदराबादेत टोपलीनं मिळत्यात.” पंगत हसली. भाऊ हसले नाहीत. त्याच दिवशी त्यांचा मला फोन आला. माझी सगळी नोकरी वस्तुसंग्रहालयाच्या शस्त्रदालनात झाली आणि त्या दालनात जपानी तलवारीही होत्या.

“तू बघ आन् काय ती सांग,” भाऊ म्हणाले. “खोटी निघाली तर आबा गावाशी जलमभर खोटं बोलले. म्या साळा सोडून नांगर धरला, त्ये बी त्यांच्या एका शब्दावर. मग त्याचं काय?”

मी म्हणालो होतो, येऊन पाहतो, तोपर्यंत पात्याला हात लावू नका.

“फोनवर काय सांगितलं होतं मी?” मी आता विचारले.

“पात्याला हात लावू नका म्हणलास. न्हाई लावला. ह्ये कुठं पातं हाय? ह्ये मुठीत जाणारं शेपूट. कोयत्याला नसतं का, तसं. लई काळं व्हतं, बघवत नव्हतं. तू तपासायला येणार, मग तुज्याम्होरं मळकी वस्तू कशी ठिवू? आन् आज खंडेनवमी.”

 खंडेनवमीला आमच्याकडे लोखंड मळके ठेवत नाहीत. विळे, कोयते, कुऱ्हाडी, पहारी घासून पांढऱ्या करतात, मगच हळदकुंकू. दसरा झाला की कोयते ऊसतोडीच्या गाडीत चढतात. गंजका कोयता पाटावर मांडणाऱ्या घराला लोक नावे ठेवतात. भाऊंनी रीत पाळली. ती रीत या लोखंडासाठी नव्हती.

जपानी तलवारीची पारख करणारा पात्याच्या चकाकीला भुलत नाही. तो मूठ काढतो आणि आत दडलेला भाग पाहतो. घडवणारा तेथे छिन्नीने आपले नाव कोरतो, कानशीचे तिरपे माग ठेवतो, आणि त्यानंतर त्या भागाला कोणीही हात लावायचा नसतो. पिढ्यानपिढ्या तेथे जो काळा, घट्ट गंज बसतो तो तिच्या वयाचा दाखला असतो. नाव खोटे कोरता येते. तसा गंज चढवणे फार अवघड. तो दाखला भाऊंनी चिंचेत भिजवला, राखेने घासला आणि मोरीत सोडला.

मी हे सर्व त्यांना सांगितले. आवाज चढला असावा, कारण वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या.

“गंज म्हंजी गंज,” भाऊ म्हणाले. “उद्या म्हणशील दात बी घासू नका, वय कळत न्हाई.”

“तुम्हाला दात राहिलेत कुठं?”

“भावजी, च्या घ्या आदी,” वहिनी म्हणाल्या. “लोखंडापायी कावून भांडताय? आमटीची समदी चिंच नेली यांनी. त्येचं कुनी बोलंना.”

“मुठीत बांबूची खुंटी होती. ती कुठं आहे?” मी विचारले. मूठ आणि पाते यांना जोडणारी ती एकच वस्तू असते.

“ती काडी व्हय? चुलीत गेली. म्या खिळा ठोकनार हाय.”

मी चहा घेतला. बोलण्यापेक्षा ते बरे होते.

पोलादातला आंबट अंश आधी काढणे भाग होते. वहिनींकडून खाण्याचा सोडा मागून घेतला, पाण्यात कालवून तो भाग धुतला, कोरड्या फडक्याने टिपला आणि उन्हात धरला. इतक्यात व्याही आले. सणाचे जेवण त्यांना येथेच होते. त्यांनी वाकून पाहिले.

“पाव्हणं, ही तर आत्ताच भट्टीतून काढल्यावानी दिसती! माज्या दुकानात आसती तर म्या नवा माल म्हणून इकली आसती.”

त्या वेळी भाऊंना कळले. मी तासभर बोलून जे पटवू शकलो नव्हतो ते व्याह्यांच्या एका थट्टेने पटले. त्यांनी स्वतःचे तळहात पाहिले. ते चिंचेने काळे झाले होते. मग ते हात धुण्यासाठी उठले आणि बराच वेळ रांजणापाशी राहिले.

मी भिंग काढले व दारातल्या उन्हात बसलो. पात्याला खरोखरच कोणाचा हात लागलेला नव्हता. गंजाचे ठिपके होते, टोकाशी धारेचा कण उडून एक खांड पडली होती. पाते उन्हाशी तिरपे धरले की धारेलगत दुधट पट्टा उमटे, वरखाली होत टोकापर्यंत जाई. कोन किंचित बदलला की दिसेनासा होई. मी तलवार व्याह्यांच्या हाती दिली.

“फिरवा. दिसतं काही?”

“दिसतंय. आता गेलं.” त्यांनी पुन्हा फिरवली. “परत आलं बे!” मग मी वयाने मोठा हे ध्यानात येऊन ते ओशाळले.

“तुमच्या पाट्यात असं दिसतं?”

त्यांनी पाते डोळ्यांजवळ नेले. लोखंडात जन्म गेलेला माणूस. “न्हाई,” ते म्हणाले.

“आम्लाने रंगवलेला पट्टा कसाही धरला तरी दिसतो. हा रंगवलेला नाही. ओल्या मातीचा लेप देऊन पोलाद तापवतात आणि पाण्यात विझवतात, त्यात हा उतरतो.”

मग मुठीतला भाग पाहिला. त्याला दोन छिद्रे होती. एक खुंटीचे, दुसरे वापरात नसलेले. तलवार केव्हातरी खालून कापून आखूड केली होती, त्याआधीचे ते छिद्र. कोरलेल्या नावाची दोन अक्षरे शाबूत होती, तिसरे कापण्यात अर्धे गेले होते. ती मला वाचता येत नाहीत. अक्षरांत काथ्या फिरला होता. छिद्रात मात्र तो शिरला नव्हता. भिंगातून आतली कड दिसली. तेथे गंज होता, काळा आणि घट्ट, जसा असावा तसा.

भाऊ परत येऊन उभे होते. 

“जपानी आहे,” मी म्हणालो. “युद्धाच्या पुष्कळ आधीची. पाट्याची नाही.”

“मंग लिहून दे. कागदावर. चावडीत वाचून दाखिवतो.”

“नाही.”

“कावून?”

“ज्याला कागद लागतो तो मुठीतला गंज पाहायला मागेल. तो तुम्ही घासलात. कडेला उरलेल्या एवढ्याशावर मी तुम्हाला सांगू शकतो. सही करू शकत नाही.”

“मंग नुस्तं तोंडी सांगून काय उपेग?”

मी पुरता वैतागलो होतो. “आबांनी कुठं लिहून दिलं होतं?”

 भाऊ ओट्यावर बसले.

“म्या पंगतीत म्हणलो व्हतो,” व्याही म्हणाले. “पंगतीतच परत घेतो.”

पूजेआधी खुंटी करणे भाग होते. बांबू जुना आणि वाळलेला हवा. मी तसे म्हणताच भाऊंनी आढ्याला खोचलेली बैल हाकायची बांबूची पराणी काढून माझ्यापुढे ठेवली. बैल कधीच विकले गेले आहेत. मी तिच्या टोकाचा पेरभर तुकडा घेतला, चाकूने तासला, छिद्रात बसवून पाहिला, पुन्हा तासला. पात्याला शिवणयंत्राचे तेल लावले. मूठ चढवली, खुंटी बसवली, तलवार म्यानात घातली. मांडताना भाऊंनी कोयते एका बाजूला सारले आणि तलवारीला मधली जागा दिली. चिमटीत कुंकू घेऊन ते क्षणभर थांबले, माझ्याकडे पाहिले आणि म्यानाला लावले.

पंगतीत भावकीतले लोक होते. व्याह्यांनी शब्द पाळला. पुरणपोळी हातात धरूनच म्हणाले, “ऐका, माजं चुकलं. फौजींची तलवार जपानी हाय. घासली मातर वडगावची!” पंगत पुन्हा हसली. या वेळी भाऊही हसले आणि त्यांनी व्याह्यांना आग्रहाने तूप वाढले.

तुपाबरोबर नवी कटकट आली. परळीत भांड्यांना पॉलिश करणारा एक जण आहे, तो खांड काढून आरसा करून देईल, असे व्याह्यांनी सुचवले. भाऊ लगेच तयार झाले. सकाळपासून मी जे सांगत होतो ते तुपासारखेच विरघळले होते.

“आरसा होईल,” मी म्हणालो. “तो पट्टा जाईल. मग तुमचीही खात्री उरणार नाही आणि माझीही.”

अशा पात्याला झिलई देण्याचे काम दगडांवर घासून, महिनोन्‌महिने चालते. ते शिकलेला माणूस येथे नाही आणि न शिकलेल्याने काढलेले पोलाद परत येत नाही. ठिपके तेलाखाली वाढणार नाहीत. खांडेचा कोणाला त्रास नाही. म्हणून काहीही करायचे नाही, असा निर्णय मी दिला.

“काय बी न करनं, ह्ये काम हाय व्हय?” भाऊंनी विचारले.

“नोकरीभर मी तेच केलं.”

“आन् पगार घेतलास?”

“घेतला.”

भाऊंनी मान हलवली. तलवार ट्रंकेत ठेवून, कुलूप लावून किल्ली त्यांनी माझ्याकडे दिली. मी घेतली नाही. ती त्यांनी वहिनींकडे दिली.

परतीची जीप पाच वाजता होती. निघण्यापूर्वी मी ओट्यावरचा राखेचा डबा उचलला, मागे नेऊन उकिरड्यावर उपडा केला, हौदावर धुतला आणि वाळण्यासाठी भिंतीशी पालथा ठेवला.