खाडीकडे तोंड वळवलेली घरं

चाकांवर उभ्या असलेल्या घराला तुम्ही घर म्हणाल का? नाही ना? भागोजीलाही गावानं हेच सुनावलं होतं. कुणी म्हणालं, म्हाताऱ्यांची सर्कस आली. कुणी विचारलं, तिकीट केवढ्याचं?

भागोजी ऐकून घेणाऱ्यातला नव्हता. मिठागरं गेल्यावर त्यानं वर्षानुवर्षं बंदरातून ट्रेलर ओढले आणि रस्त्यात भल्याभल्यांना शिव्या घातल्या. उरणच्या बाजूला खाडीच्या बांधालगत त्याच्या वाट्याला जमिनीचा एक पट्टा तेवढा उरला होता. बाकी मिठागरांवर आता कंटेनरची यार्डं. भरतीचं पाणी इतकं जवळ की तिथं पक्कं बांधकाम करू देईनात. मग त्यानं भंगारात निघालेल्या ट्रेलरच्या सांगाड्यांवर पत्र्याच्या केबिनी चढवल्या, आतून प्लायवूड मारलं, उन्हाला आडोसा म्हणून वर झावळ्या टाकल्या. पायऱ्यांऐवजी उतार केला, उताराला धरायला दांडी. अशी पाच घरं.

गावातली जी म्हातारी माणसं पोरांच्या मागं इमारतींत गेली, त्यांना परत आणायचं, असं तो सगळ्यांना सांगे. खरं म्हणाल तर त्याला एकच माणूस परत हवा होता. बुधाजी.

दोघांची मिठागरं शेजारी-शेजारी. मीठ ओढताना एकानं या वाफ्यातून हाळी द्यायची, दुसऱ्यानं त्या वाफ्यातून शिवी हासडायची, की ऊन अर्धं कमी. मिठागरं गेली, बुधाजी मुलाबरोबर उलव्याला गेला, चौदाव्या मजल्यावर. बायको वारल्यावर तो बोलायचाच थांबला. भागोजी भेटायला गेला तेव्हा बुधाजी बाल्कनीत बसून होता. मुलगा कौतुकानं म्हणाला, इथून खाडी दिसते की, काका. दिसते ना. पण तिथून हाळी दिली तर ऐकणार कोण, कबुतरं?

घरं उभी राहिली आणि बुधाजी खरंच आला, पत्र्याची ट्रंक घेऊन. लग्नात धवले गाणारी ठमी आली. दोन जोडपी आली. पाचव्या घरात भागोजी स्वतः. त्याला वाटलं, जिंकलो.

पण कुणी रमेना. संध्याकाळी जो तो आपापल्या पत्र्याच्या आत. भागोजी दारोदार विचारी, पाणी येतंय का, पंखा चालतोय का. बरं हाय, एवढंच उत्तर. ठमीनं आणलेलं गाठोडं तसंच बांधलेलं. मग एक दिवस बुधाजीचा मुलगा गाडी घेऊन आला, डॉक्टरकडे न्यायचंय म्हणून. बुधाजीनं गुपचूप ट्रंकही गाडीत ठेवली.

भागोजीचं टाळकं फिरलं.

"जा, लिफ्टमधी बस. वरखाली कर दिवसभर."

बुधाजीचा एक पाय गाडीत होता. तो म्हणाला, "तितं कोन दिसत न्हाय म्हनून आलो व्हतो रं. इतं बी न्हाय दिसत."

गाडी गेली. भागोजी धुमसत राहिला. ज्याच्यासाठी एवढं केलं त्यानंच तोंड फिरवलं, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला. शेवटी ठमीनं त्याला हाताला धरून आपल्या दारात बसवलं आणि समोर बघायला लावलं. समोर काय होतं? शेजारच्या घराची पाठ. निळा पत्रा. पाचही दारांची तीच गत.

ड्रायव्हरची खोड. यार्डात गाडी लावायची ती ओळीत, तोंड रस्त्याकडे. निघायची वेळ आली की मागंपुढं न करता सरळ बाहेर. घरंही त्यानं तशीच लावली होती. ओढायचा दांडा रस्त्याकडे, एकाच्या दारासमोर दुसऱ्याची पाठ. गावात आपल्या ओटीवरून समोरच्याची ओटी दिसते, तो उठला की खोकला की जेवला ते कळतं. या माणसानं माणसं आणली आणि गाड्यांसारखी उभी केली.

"ही घरं निघायच्या तयारीत हायेत, भागोजी," ठमी म्हणाली. "मी गाठोडं कशाला सोडू?"

भागोजी उठून पाचही दांडे बघून आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं गावातल्या चंदरचा ट्रॅक्टर आणला आणि एकेक घर रिव्हर्स घेत वळवलं. बांधालगत अर्धा गोल केला. सगळी दारं आत, मधल्या अंगणाकडे. सगळे दांडे बाहेर, खाडीकडे. आता एखादं घर ओढून न्यायचं म्हटलं तर ट्रॅक्टरला आधी चिखलात उतरावं लागेल. तिन्हीसांजेला ठमी उतारावर पाट टाकून बसली. समोरच्या घरातल्या बाईला विचारलं, कालवण कसलं? उत्तर आलं, तुझ्या नशिबात नसलेलं. मग ठमी हसली, आत जाऊन तिनं गाठोडं सोडलं, आणि लग्न कुणाचंच नसताना मांडवातला धवला गायला बसली.

भागोजी बाहेर थांबला नाही. तो बुधाजीच्या रिकाम्या घरात जाऊन बसला. दारातून त्याला स्वतःचं दार दिसत होतं, तिथं कुणीच नव्हतं. दोन्ही दारांत एकेक माणूस असायला हवा होता.

ते घर तो रोज झाडतो. फोन केला की मुलगा म्हणतो, बाबा झोपलेत. सकाळी झोपलेत, दुपारी झोपलेत. भागोजी जाऊनही आला. गेटवर अडवलं, तो भांडला, आता त्याला गेटच्या आसपास उभं करत नाहीत. स्वभाव. सोसायटीचं नाव मी लिहीत नाही, त्या पोराचा बोभाटा नको.

तुम्ही उलव्याच्या बाजूला राहत असाल, तर सकाळी एखाद्या गेटपाशी वॉचमनच्या खुर्चीशेजारी पांढऱ्या टोपीतला उंच म्हातारा दिसेल. तोच बुधाजी. तो बोलणार नाही. त्याला काही विचारत बसू नका. एवढंच सांगा, भागोजीनं घरं वळवली, तुझ्या दारातून आता माणसं दिसतात. आणि तो निघालाच, तर त्याला उरणच्या रिक्षात बसवून द्या.