अठ्ठाविसावा प्रश्न

काकडे मॅडम प्रश्न लिहून झाला की आधी तो मोठ्यानं वऱ्हाडीत बोलून पाहायच्या. बोलताना जीभ अडली, तर लाल पेनानं काट.

पुलगावच्या आमच्या कॉलेजात त्या मानसशास्त्र शिकवायच्या. नवं शतक नुकतंच लागलं होतं. एचआयव्हीच्या तपासणीबद्दल कॉलेजातल्या मुलामुलींना खरोखर काय वाटतं, हे मोजण्यासाठी त्यांनी सत्तावीस प्रश्नांची प्रश्नावली केली होती. मी एम.ए.ला होते. कागद वाटून गोळा करण्याचं काम माझं.

पहिल्या खेपेला जवळजवळ सगळ्यांनी 'सांगता येत नाही' वर खूण केली. मी हिरमुसले. मॅडम हसल्या. "पोरं खोटं नाई बोलून राह्यले. आपणच त्याईले समजंल असं विचारलं नाई." त्या कागद घेऊन कँटीनमध्ये जाऊन बसल्या. एकाला 'चाचणी' म्हणजे शाळेतली घटक चाचणी वाटली होती. मॅडमनी तो शब्द काढून 'रक्त तपासून घेणं' असं लिहिलं.

दुसऱ्या खेपेला मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हळूच विचारलं, "मॅडम, तुम्ही तपासलं काय रक्त?"

"नाई."

"काऊन?"

विचार करून सांगते, मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पॅसेंजरनं वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. गाडीत अखंड बोलणाऱ्या मॅडमची पावलं तिथल्या व्हरांड्यात मंदावली. तपासणीच्या खोलीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती. तेवढ्यात त्यांच्या माहेरचे, सेलूचे किराणा दुकानदार खोकत येताना दिसले. मॅडम चटकन खांबाआड झाल्या, त्यांच्यामागे मी. क्षणभरानं त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या.

"पाह्यलं? मले सुईचं भेव नाई. भेव या भाऊचं आहे."

मग त्या बाहेर आल्या, दुकानदारांना नमस्कार केला, घरच्यांची विचारपूस केली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्या खोलीत शिरल्या.

वर्गात त्यांनी सगळं सांगितलं, खांबासकट. वर्ग पोट धरून हसला. त्याच दिवशी प्रश्नावलीत अठ्ठाविसावा प्रश्न आला: 'तपासणीच्या खोलीबाहेर ओळखीचं कोणी दिसलं, तर मी परत फिरेन.' त्यावर कोणीही 'सांगता येत नाही' म्हटलं नाही. बहुतेकांनी 'हो' म्हटलं, आणि मॅडमना हवं होतं ते खरं उत्तर मिळालं. कोणीतरी त्यांच्या तपासणीचा निकाल विचारला, तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, "तो माझा. सांगाचा का नाई, हे ज्याचं त्यानं ठरवाचं."

पुढं माझं लग्न ठरलं. होणाऱ्या नवऱ्याला मी म्हटलं, आपण दोघंही रक्त तपासून घेऊ. त्यांनी विचारलं, "सोबतच जायचं ना?"

ही गोष्ट मी फोनवर सांगितली, तेव्हा मॅडमनी मुलाचं शिक्षण, नोकरी, काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "कर लग्न."