वहिनी गच्चीवर गेल्या की

माझ्या एका वाक्यामुळे दोन भावांमधलं येणं-जाणं बंद झालं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो आहे. आता वय झालं, तेव्हा जे घडलं ते नीट लिहून ठेवावं म्हणून बसलो, तर नीट असं काही हाताला लागत नाही. तरी लिहितो.

मी टेलिफोन खात्यात होतो. खांब, तारा आणि जोड यांतच नोकरी गेली. मोबाइल आले तशी आमच्या कामाची रया गेली आणि मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. त्याच सुमारास बीडमध्ये ब्रॉडबँड आलं आणि त्यामागोमाग वायफायचे डबे. टेलिफोनवाल्याला हे सगळं येत असणार, असं लोकांना वाटायचं. हळूहळू मलाही तसं वाटायला लागलं. दवाखाने, क्लासेस, मेडिकलची दुकानं, जिथं बोलावतील तिथं मी डबा बसवून, पासवर्ड टाकून द्यायचो. तारेतला बिघाड हाताने चाचपता येतो, तुटलेली जागा सापडते. इथे बिघाडच हवेत. एका खोलीत चालणारा डबा शेजारच्या खोलीत का चालत नाही, हे मला बरेचदा कळत नसे. मी डबा थोडा सरकवायचो, बंद करून चालू करायचो, आणि चाललं की कारण समजल्यासारखा चेहरा करायचो.

हे दोघे भाऊ व्यापारी घरातले. थोरल्याचं बी-बियाणांचं दुकान आणि वर घर. धाकट्याला वाटणीत गल्लीच्या पलीकडची पत्र्याची खोली आली होती. तिथे त्याने कॉम्प्युटर मांडून पोरांचे फॉर्म भरायचं दुकान काढलं. इंटरनेटची लाइन मात्र थोरल्याच्या घरी. धाकट्याने अर्ज केला होता, पण त्यांच्या गल्लीतल्या खांबावर नव्या लाइनसाठी तारेची एक जोडीही शिल्लक नव्हती. शेवटी त्यांच्या आईने निकाल दिला. म्हातारी म्हणाली, "लाइन एक हाय तर दोघं वापरा. वाटणी घराची झाली, वाऱ्याची न्हाई झाली." आणि मला बोलावलं.

काम उन्हाळ्यात केलं. थोरल्याच्या गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाकीमागे जुन्या टीव्हीच्या अँटेनाचा पाइप उभा होता. नवीन पाइप कशाला रोवायचा म्हणून मी त्यालाच बिनतारी अँटेना बांधला. दुसरा धाकट्याच्या पत्र्यावर. मध्ये टाकी येत होती. ती मला दिसत होती, हे मी कबूल करतो. पण प्लास्टिकची टाकी काय अडवणार, असं वाटलं आणि चालू करून पाहिलं तर खरंच काही अडलं नाही. त्या दिवसांत नळाला येणारं थोडंफार पाणी खालच्या हौदातच संपायचं, वरची टाकी कोरडी असायची. नेट असं धावलं की धाकट्याने मला बळजबरीने दोन वेळा चहा पाजला.

पावसाळ्याच्या तोंडावर नळाला पाणी वाढलं आणि धाकट्याचं नेट जायला लागलं. जायचं, काही तास गायब असायचं आणि आपोआप यायचं. मी जायचो तेव्हा हमखास चालू. धाकटा समोरच बसलेला असल्याने त्याने एक गोष्ट हेरली. मला हळूच म्हणाला, "काका, वहिनी गच्चीवर दिसल्या की नेट जातं."

वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. वाटणीच्या वेळी त्या आणि धाकटा यांच्यात शब्दाला शब्द झाला होता, हे गल्लीला माहीत होतं. मी म्हणालो, "योगायोग असेल."

"रोजचाच योग कावून काका?"

मग दहावीच्या निकालाचा दिवस आला. धाकट्याच्या दुकानासमोर पोरांची ही झुंबड. निकाल लागायच्या वेळेला पडद्यावर नुसतं चक्र फिरायला लागलं. मी तिथेच होतो, कारण धाकट्याने मला सकाळपासून बसवून ठेवलं होतं.

"काय बे, बोर्डच नापास झालं का काय?" एक पोरगं ओरडलं.

"थांबा की रे, फिरतंय," धाकटा म्हणाला.

"एवढ्यात तर एसटीनं औरंगाबादला जाऊन निकाल बघून आलो असतो."

हसले सगळे. मग दुसरीकडे नेट चालू आहे, असं कुणीतरी सांगितलं आणि गर्दी बघता बघता पांगली.  धाकट्याने फक्त समोर बोट दाखवलं. गच्चीवर टाकीजवळ वहिनी उभ्या होत्या, पदर खोचून, टाकीत डोकावत.

पुढे एका सकाळी आईने सगळ्यांना माडीवर बसवलं. तिला एवढंच हवं होतं की घरात दोन चुली झाल्या तरी भावांची तोंडं फिरू नयेत. मला म्हणाली, "तुमी जाणते हाव. बिघाड कशात हाय ते बघून सांगा. मंग आमी बघतो."

मी सगळं तपासलं. जोड उघडून पाहिले, पाणी शिरलं आहे का बघितलं. पाण्याचं माझं ज्ञान एवढंच होतं, की ते जोडात शिरलं की लाइन जाते. हौदातलं पाणी टाकीत चढवणाऱ्या मोटारीचा संशय आला म्हणून मोटार चालवून पाहिली. त्या दिवशी हौदात पाणी नव्हतं, मोटार क्षणभर कोरडी फिरली आणि नेट जागचं हललं नाही. मला काहीच सुचेना. सगळे माझ्याकडे बघत होते. 'मला कळत नाही' हे तीन शब्द तेव्हा माझ्या तोंडातून निघाले नाहीत. टेलिफोनच्या माणसाला हे कळत नाही, असं कसं म्हणायचं!

मी म्हणालो, "यंत्रात दोष नाही."

"म्हंजे?" थोरल्याने विचारलं.

"म्हणजे असं आपोआप जात नाही. कुणीतरी बंद केल्याशिवाय."

मी कुणाचं नाव घेतलं नाही. पुढे मी स्वतःला हे कितीदा तरी सांगितलं. पण सगळ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, मीही बघितलं. वहिनी दारातच होत्या. त्या रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. आत गेल्या आणि भांडी घासायला लागल्या. त्यांचं ते गप्प राहणं मला तेव्हा कबुलीसारखं वाटलं. धाकटा म्हणाला, "ऐकलं ना दादा? आता तरी ऐकलं ना?" थोरला उठला आणि त्याने माझ्यादेखत धाकट्याची वायर डब्यातून उपसून टाकली. आई धाकट्याकडे राहायला गेली. कार्तिकात दोन्ही घरं एका टेम्पोतून कपिलधारच्या यात्रेला जायची, ती वेगवेगळी जायला लागली. आई गेली तेव्हा दोघे भाऊ खांद्याला होते, पण बोलले नाहीत.

त्यानंतर कधीतरी पाटोद्याला एका लॉजवर माझं काम निघालं. मी गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. खाली टँकर आला आणि समोरची टाकी भरायला लागली. भरत गेली तसे पडद्यावरचे रेंजचे दांडे एकेक करून कमी होत गेले. टाकी ओसंडली तेव्हा एकही उरला नव्हता. मी उन्हात बसून राहिलो. रिकाम्या टाकीतून लहरी आरपार जातात, भरलेल्या टाकीतलं पाणी त्यांना गिळून टाकतं. मग थोरल्याची टाकी आठवली. वहिनी गच्चीवर जायच्या, कारण मोटार लावली की टाकी भरली का बघायला त्यांनाच वर जावं लागायचं. टाकी भरली की नेट जायचं. पाणी वापरून निम्मं झालं की यायचं. त्यांचा हात कुठेच लागत नव्हता.

त्याच दिवशी बीडला उतरून सांगायला हवं होतं. रिक्षा त्या गल्लीच्या तोंडाशी आली आणि मी ती सरळ पुढे न्यायला सांगितली. का, ते मला आजही सांगता येत नाही. लोक कामाला बोलवायचे बंद होतील ही भीती होती. पण आता ते जुनं झालं असेल, अशीही समजूत घातली असेल.

गेल्या महिन्यात मात्र गेलो. थोरला दुकानात होता, वहिनी वर एकट्या गहू निवडत बसल्या होत्या. मी टाकीचं सगळं सांगितलं. त्या सुपातले खडे काढत ऐकत राहिल्या.

"हे तुमी आत्ता सांगताव व्हय काका?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

मग म्हणाल्या, "निकालाच्या दिवशी मी बंद केलतं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"आमच्याच घरची लाइट गेलती. माझ्या बारक्या लेकाला लई ताप होता. इन्व्हर्टर पिंपिं करायलता, पंखा बंद पडला असता. म्हणून डब्याचं बटण बंद केलं. मंग लाइट आली, मोटार लावून वर गेले, अन् बटण तसंच राहिलं. तेवढंच एकदा."

"मग त्या दिवशी बोलला का नाही?"

"एकदाच केलतं म्हणाले असते, तर कुणी मानलं असतं? बाकीच्या दिवशी कसं जातंय ते मलाच कळंना. वाटायचं, माझ्याच हातानं व्हतंय का काय, ध्यानात न येता. लई दिवस मी त्या डब्याजवळून जाताना हात मागं बांधून जात व्हते."

आता मला सांगा, निकालाच्या दिवशी नेट कशाने गेलं? टाकीही भरत होती आणि बटणही बंद होतं. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आहे. माझं वाक्य इतर दिवसांपुरतं खोटं आणि त्या एका दिवसापुरतं खरं, असं धरायचं का? पण मला तर कुठल्याच दिवसाचं काही माहीत नव्हतं.

निघताना वहिनी म्हणाल्या, "टाकीचं तुमी भावजीला सांगा. बटणाचं मी सांगते. माझं तुमी सांगू नका."

तिथून खाली उतरून मी गल्ली ओलांडली. धाकट्याचंही डोकं पिकलं आहे. आता त्याच्याकडे स्वतःची लाइन आहे, डबे विकायलाही ठेवलेले आहेत. त्याने मला खुर्ची दिली. मी टाकीचं सांगितलं. त्याने समोरच्या गच्चीकडे बघितलं. टाकी अजून तिथेच आहे, फक्त रंग विटला आहे.

"म्हंजे वहिनीनं केलंच न्हाई?"

वहिनींनी मला अडवलं होतं. आणि खरं सांगायचं तर उत्तर मलाच माहीत नव्हतं. जे माहीत होतं तेवढंच मी म्हणालो, "मी कुणाला बंद करताना पाहिलं नव्हतं. मला बिघाड कळला नव्हता."

"मंग तवाच एवढं कावून न्हाई म्हणालाव, काका?"

 तो उठला, शटर अर्धं खाली ओढलं आणि चप्पल न घालताच गल्ली ओलांडून समोरचा जिना चढायला लागला. भांडायला गेला की काय करायला, मला कळलं नाही. मी खुर्चीत बसून वरून आवाज येतो का ऐकत होतो.  मग वर कुणीतरी मोटार लावली आणि समोरच्या टाकीत पाणी पडायला लागलं.