चिमूटभर बोरॉन

आप्पांच्या दहाव्यालाच चुलत्यांनी विषय काढला. "वहिनी, रान आमी वाट्यानं करतो. तुमी आता घरी बसा."

आई म्हणाली, "एक पीक मला करू द्या, भावजी. न्हाई जमलं तर घ्या मग."

मी आळेफाट्याला दिलेली मुलगी. राग आला, पण माहेरच्या रानात लेकीचा शब्द किती चालतो ते मला ठाऊक होतं.

आईने फ्लॉवर लावला. खुरपणी तिची, खत तिचं, पाणी तिचं. पाठीवरच्या पंपाने औषध मारायला तेवढा गडी. गड्डे पांढरेशुभ्र भरले. पहिला तिने रीतीप्रमाणे बांधावरच्या म्हसोबापुढे अख्खा ठेवला. देवाच्या गड्ड्याला आमच्याकडे विळा लावत नाहीत.

दुसरा मी भाजीला चिरला. दांडा आतून पोकळ, तपकिरी. तिसराही तसाच. आईने तो दांडा पिशवीत घातला आणि मंचर गाठलं.

तिथल्या खत-औषधांच्या दुकानदाराने दांडा बघूनच सांगितलं, "बोरॉन कमी पडलं. चिमूटभर लागतं, पण लागतंच. आता टाकून उपयोग न्हाई, आन् जास्त झालं तर पानं करपतात."

संध्याकाळी चुलते रानात आले. "आमचा दादा तर दर साली पंपात पांढरी पूड टाकायचा. म्हणलं, तुमाला म्हाईत असंल."

"कुठून असणार?" आई म्हणाली. "जन्मभर खुरपलं. पंपाला बाईनं हात लावायचा न्हाई, ही तुमच्याच घरची रीत."

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी आप्पांवर रागावले. जी बाई आयुष्यभर शेजारच्या सरीत वाकून राबली, तिला एवढंसं सांगायला यांचं काय जात होतं? आणि रडूही आलं, कारण भांडायला आता ते नव्हते.

चुलते रानाचं बोलणार हे दिसतच होतं. आई उठली आणि म्हसोबापुढचा गड्डा उचलून आणला. मी हबकलेच. तिने तो उभा चिरला. तोही पोकळ. दोन्ही फाकी तिने परत देवापुढे ठेवल्या.

"त्यालाबी दिसू दे," ती म्हणाली. "भावजी, ती पूड कधी आन् किती टाकायची, ते मला दाखवा. पुढल्या पिकाला पंप मी घेते."

 चुलते गोठ्यातून आप्पांचा पंप घेऊन आले, आणि त्याचे पट्टे आईच्या खांद्याला बसतील इतके आवळू लागले.