वहिनीच्या सिनेमाचा उत्तरार्ध

मराठी सिनेमा ही पाहण्याची नसून ऐकण्याची गोष्ट आहे, असं कलकत्त्यातल्या आम्हां मराठी मंडळींचं प्रामाणिक मत होतं.

सत्तर-बाहत्तर सालच्या सुमाराची ही हकिगत. मराठी सिनेमा तिकडे येतच नसे. त्यामुळे सुट्टीत पुण्या-मुंबईला जाऊन आलेल्या माणसाने एक तरी सिनेमा डोक्यात भरून आणायचा आणि रविवारी आमच्या लेखक मंडळाला पहिल्या पाटीपासून ‘समाप्त’पर्यंत सांगायचा, असा रिवाज होता. येताना गोडा मसाला विसरला तर एक वेळ माफी मिळे, सिनेमा विसरला तर नाही!

हे मंडळ कलकत्त्याच्या बेहाला भागात माझ्याच बिऱ्हाडी भरे. त्यात लेखक तीन. मी सरकारी कचेरीत हिशेब तपासत असे आणि घरी कथा लिहीत असे. बँकेतले बापट कविता करत. (बँकेने त्यांना ताकीद दिली नव्हती, हे आमचं दुर्दैव.) तिसऱ्या मालतीबाई. शाळेत शिकवत, ललित लेख लिहीत. जन्म कलकत्त्याचा, त्यामुळे त्यांचं वाक्य मराठीत निघे आणि मुक्कामाला बंगालीत पोचे. मंडळात लिहिणं कमी आणि बोलणं फार.

“त्या नव्या हिरोचे कल्ले पाहिलेत?” बापट सुरुवात करत. “कानापासून निघालेत ते थेट हनुवटीच्या भेटीला!”

“तुमचेही वाढलेत की, बापट!”

“माझे ब्लेड महागल्यामुळे वाढलेत. त्याला काय कमी आहे?”

मग ब्लेडवरून इलिश माशाच्या भावावर, तिथून लोडशेडिंगवर, तिथून कुणाची बदली कुठे झाली यावर गाडी जाई. चहा संपला, की कुणीतरी हळूच खिशातून आपलं लिखाण काढी, आणि बाकीच्या दोघांना एकदम घरची कामं आठवत.

सिनेमा सांगायचा असला, की मात्र खालून आमच्या घरमालकीणबाई येत. त्यांना सगळे मासीमा, म्हणजे मावशी, म्हणत. मराठीचं एक अक्षर कळत नसे, पण मोडा, म्हणजे वेताचं बुटकं स्टूल, घेऊन अगदी पुढे बसत आणि मालतीबाई त्यांना भाषांतर करून सांगत. त्यांची सून, आमची बौदी, म्हणजे वहिनी, दारात उभी राहून ऐकायची. सासूसमोर ती बसत नसे.

बंगाली घरात किल्ल्यांचा जुडगा मालकिणीच्या पदराला बांधलेला असतो. पदर खांद्यावरून मागे टाकला, की तो पाठीवर खुळखुळतो. मासीमांच्या पाठीवर तो खुळखुळला, की बौदी हातातलं काम टाकून धावे, कारण तांदूळ काढायला, साखर काढायला, धुतलेली चादर काढायलासुद्धा तिला किल्ली मागावी लागे. लग्न होऊन आठ वर्षं झाली होती बिचारीच्या. त्याच जुडग्यात जिन्याखालच्या पंपघराची किल्ली होती. पंप चालल्याशिवाय आमच्या नळाला पाणी नाही, आणि मासीमांची पूजा आणि वर्तमानपत्र आटोपल्याशिवाय पंप नाही. अर्ध्या दाढीने मी किती वेळा ऑफिसला गेलोय, हे माझ्या साहेबांना विचारा.

तर त्या उन्हाळ्यात माझी बायको सुमन बेबीला घेऊन पुण्याला माहेरी जाऊन आली. ट्रंक खाली ठेवायच्या आत मी विचारलं, “सिनेमा पाहिलास ना?”

“पाहिला की! एक वहिनी असते. सासू तिला फार छळते. कोठीच्या किल्ल्यासुद्धा देत नाही. एक दिवस तिला घराबाहेर काढते.”

“मग?”

“मग बेबीला उलटी झाली.”

“सिनेमात?”

“माझ्या मांडीवर! मध्यंतरालाच उठून आलो आम्ही.”

“अगं, पण शेवट?”

“ताई बसली होती शेवटपर्यंत. म्हणाली, शेवट छान आहे, सगळं थिएटर रडतं.”

झाली का पंचाईत! माझी बायको अर्धा सिनेमा टाकून आली, हे मंडळाला कोणत्या तोंडाने सांगणार? पण मी लेखक होतो हो! (निदान त्या बिऱ्हाडात तरी.) उत्तरार्ध मीच रचला. घराबाहेर काढलेल्या वहिनीला मी नर्स केलं. सासूला बैलगाडीखाली घातलं. तिला बरोबर वहिनीच्याच हॉस्पिटलात आणलं. अख्ख्या जिल्ह्यात रक्त जुळलं ते फक्त वहिनीचं! शुद्धीवर आल्यावर सासू कमरेचा जुडगा काढते, वहिनीच्या ओंजळीत ठेवते आणि म्हणते, “आजपासून हे घर तुझं, पोरी.” समाप्त.

रविवारी मी हे सांगितलं आणि मंडळ कोसळलं. बापटांनी चष्मा पुसला. मालतीबाई भाषांतर करताना इतक्या हुंदके देत होत्या, की बैलगाडी दोनदा उलटली. मासीमांनी तर पदर डोळ्यांना लावला, आणि प्रत्येक हुंदक्याला जुडगा वाजत होता. बौदी दारात तशीच उभी होती. तिने काही डोळे पुसले नाहीत, फक्त जुडग्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी तोंडाला साबण लावला आणि सवयीने तांब्यातल्या घोटभर पाण्याकडे पाहिलं, तर नळ धो धो वाहायला लागला! खिडकीतून वाकून पाहिलं. खाली बौदी पंपघराचं दार लावत होती आणि तिच्या पाठीवर जुडगा खुळखुळत होता. आपल्याशीच हसत होती ती. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. पुढचे पंधरा दिवस मी सुमनला साहित्य आणि समाज या विषयावर समजावत होतो. ती पाणी भरत होती.

इथे हकिगत संपायला हवी होती. पण माझा उत्तरार्ध मालतीबाईंनी टॉलीगंजपासून दमदमपर्यंत प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात पोचवला होता. त्याचा परिणाम घेऊन एका संध्याकाळी बापट धापा टाकत जिना चढले.

“लिमये, आणला! वहिनीचा सिनेमा आणला!”

“कुठे?” मी आजूबाजूला पाहिलं.

“कलकत्त्यात हो! तुमची गोष्ट ऐकल्यापासून लोकांनी डोकं खाल्लं होतं माझं, खरा सिनेमा दाखवा म्हणून. वर्गणी काढली, मुंबईहून रिळांच्या पेट्या मागवल्या. रविवारी भवानीपूरला सकाळचा खेळ! तुम्हाला पहिली रांग!”

 तेवढ्यात ‘सिनेमा’ एवढाच शब्द कळून खालून मासीमांचा आवाज आला, “आमिओ जाबो!” म्हणजे मीही येणार. वर आणखी, बौमालाही, म्हणजे सूनबाईलाही, नेणार.

बापट गेल्यावर सुमनने स्वयंपाकघरातून विचारलं, “अहो, खरा शेवट वेगळा निघाला तर?”

“तर मासीमा जुडगा परत घेतील.”

“आणि ती पोर पुन्हा दारात उभी!”

“आणि आपलं पाणी?”

“तुम्हाला पाण्याचंच पडलंय!” सुमन कडाडली. पण शनिवारी तिने घागरी, बादल्या, पातेली आणि बेबीची दुधाची बाटलीसुद्धा भरून ठेवली.

मी प्रयत्न कमी केले नाहीत. मासीमांना म्हटलं, सकाळचा खेळ, तुमची पूजा राहील. त्या म्हणाल्या, देव रोज घरीच असतात, सिनेमा एकदाच येणार. शेवटी मी शहरावर भिस्त ठेवली. ज्या कलकत्त्यात कुणी जोरात शिंकलं तरी बंद पुकारला जाई, तिथे त्या रविवारी ट्राम वेळेवर आली! बसायला जागासुद्धा मिळाली!! आणि वीज? सबंध खेळात एकदाही गेली नाही.

थिएटरात मासीमा, मग मालतीबाई, मग मी, असे बसलो. पलीकडे बौदी आणि सुमन. पूर्वार्ध सुमनने सांगितला तसाच निघाला. मासीमा दर पाच मिनिटांनी माझ्याकडे कौतुकाने पाहत होत्या. मध्यंतरात बापटांनी चार लोकांत माझी पाठ थोपटली.

मध्यंतरानंतर वहिनी नर्स व्हायचं सोडून भावाच्या गावी गेली आणि म्हैस धुवायला लागली.

“हॉस्पिटल कधी?” मालतीबाई कुजबुजल्या.

“येईल हो. म्हैस संपू दे.”

म्हैस संपली, विहिरीवर गाणं झालं. “हाशपाताल कोथाय?” मासीमांनी मोठ्यांदा विचारलं. मी रुमालाने मान पुसली. शेवटी काय व्हावं? सासू ठणठणीत! बैलगाडी तिच्या आसपाससुद्धा फिरकली नाही. वहिनी आपण होऊन परत आली, सासूच्या पायांवर पडली आणि म्हणाली, “माझं चुकलं.” (काय चुकलं, ते दिग्दर्शकालाच ठाऊक.) सासूने मोठ्या मनाने तिला क्षमा केली. पडदाभर सासूची कंबर दिसली आणि कमरेला जुडगा, जिथल्या तिथे. समाप्त!

 मग बापट खुर्चीवर उभे राहिले. “रीळ खाल्लं! हॉस्पिटलचं रीळ कुठंय?”

आणि सगळं थिएटर उठलं. “हॉस्पिटल! हॉस्पिटल!” माझा उत्तरार्ध पाठ असलेले शेदोनशे मराठी लोक अंधारात ओरडत होते. थिएटरचे मॅनेजर, एक सज्जन बंगाली गृहस्थ, धावत आत आले. त्यांना मराठी सिनेमाचं काय ठाऊक? लोक हॉस्पिटल मागतायत म्हणजे कुणीतरी आजारी पडलंय, एवढं त्यांना समजलं. त्यांनी टॉर्च फिरवला. एक माणूस घामाने थबथबलेला, छातीवर हात, तोंड उघडं. तो मी!

दोन दारवानांनी मला उचललं. “मला काही झालेलं नाही!” हे मी मराठीत, हिंदीत आणि मोडक्या बंगालीत सांगितलं. मॅनेजर हळहळून म्हणाले, “बघा, वातात बडबडतायत!” बाहेरच्या बाकावर मला आडवं करून कुणीतरी डोक्यावर सोड्याची बाटली रिकामी केली. आतून बापटांचं भांडण ऐकू येत होतं. “लिमयेंनी स्वतः सांगितलंय! लिमये खोटं सांगतील?” आणि मशीनवाला त्यांना परोपरीने पटवत होता, की बाबा, जेवढं आलं तेवढं दाखवलं.

डोळे उघडले तर मासीमा उशाशी. मागे बौदी.

“लिमयेबाबू,” त्या सावकाश म्हणाल्या, “हाशपाताल तर नव्हतंच.”

मी पुन्हा डोळे मिटले. बेशुद्ध पडायला याहून चांगली वेळ मला आयुष्यात मिळणार नव्हती.

परतताना टॅक्सीत बौदीने जुडगा मुठीत घट्ट धरला होता, वाजू नये म्हणून. ते पाहून मला माझ्या बैलगाडीची, नर्सची आणि एकूणच लेखनाची लाज वाटली. बेहाल्याला उतरलो, आणि पायरीवर बसून मासीमांनी हात पुढे केला. “दाओ.”

बौदीने मुकाट्याने पदराची गाठ सोडली. सुमनने माझं मनगट इतकं जोरात दाबलं, की घड्याळ रुतलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. कथालेखक ना मी? एक शब्द सुचेल तर शपथ!

मासीमांनी जुडगा मांडीवर घेतला, नखाने कडी उकलली, एक किल्ली काढली आणि बाकीचा जुडगा बौदीच्या हातात परत ठेवला.

“ती सिनेमातली सासू निर्लज्ज बाई,” त्या म्हणाल्या. “स्वतः छळलं आणि वर सुनेकडून माफी घेते! त्यापेक्षा या मुलाचा शेवट चांगला होता. मला तोच आवडला, मी तोच ठेवणार.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पण भल्या पहाटे माझ्या बौमाने नवऱ्याचा डबा करायचा, चूल बघायची, आणि पंपही तिनेच चालवायचा? का म्हणून? तुला बसून सिनेमे रचायला वेळ असतो ना, बाबा?”

आणि पंपघराची किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

बौदी खुदकन हसली. सुमनही हसली, जरा जास्तच. पुढे बदली होईपर्यंत रोज पहाटे खालून तिची खणखणीत हाक येई, “लिमयेबाबू, जोल कोथाय?” म्हणजे पाणी कुठंय? हीच बौदी आठ वर्षं दारात उभी होती, यावर कुणाचा विश्वास बसला नसता. माझ्या कथा पुढेही साभार परत येत राहिल्या. उभ्या साहित्यसेवेत मला पुरस्कार मिळाला तो एकच, पितळी, सुतळी बांधलेला, आणि तो रोज अंधारात, बनियनवर, जिना उतरून स्वीकारावा लागे!