मेंडिकंट साहेब

मूलच्या स्टेशनावर बाबांनी मला छोट्या गाडीत बसवलं, तेव्हा माझ्या हातात इंग्रजी शब्दांचं पुस्तक होतं आणि त्यांच्या खांद्यावर तांदळाचं पोतं. मी नागपूरला चुलतबहिणीकडे राहून सरकारी नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करणार होतो. तांदूळ तिच्या घरी द्यायचा होता. "जावायाच्या तोंडाले तोंड देऊ नको," बाबा म्हणाले. "अन् साहेब बनूनच ये." तुम्हा गावकऱ्यांपैकी दोघं-तिघं वैनगंगा ओलांडून पोचवायला आले होते, आठवत असेल.

बहिणीचे यजमान, म्हणजे जिजाजी, कचेरीत कारकून होते. इंग्रजी उत्तम, माणूस खाष्ट. परीक्षेत अवघड शब्दांचे अर्थ विचारत. रोज सकाळी दाढी करता करता जिजाजी माझी उजळणी घ्यायचे, आणि जो शब्द आला नाही ते त्या दिवशीचं माझं नाव. "इंडोलंट, बादली भर." "ऑब्ट्यूस, जोडे पुसले का?" म्हणजे कधी आळशी, कधी मठ्ठ. शेजारी हसायचे. बहीणही हसायची, बिचारी दुसरं काय करणार! हाक मारलेला एकही शब्द मी पुढे विसरलो नाही, हे कबूल. त्या माणसाला माफ मात्र आजही केलेलं नाही.

एकदा 'मेंडिकंट' अडला. मेंडिकंट म्हणजे भिकारी, दारोदार मागून खाणारा. हे नाव जिजाजींना इतकं आवडलं की त्यांनी ते बदललंच नाही. पुढे सगळे शब्द आले तरी मी मेंडिकंटच राहिलो.

दिवाळीनंतर बाबा नवा तांदूळ घेऊन आले. आम्ही जेवायला बसलो आणि जिजाजींनी सवयीने विचारलं, "काय मेंडिकंट, आणखी भात हवा?" बाबांचा घास हातातच राहिला. बाबा माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "हे सुपरडंटाच्या वर असते का खाली रे?"

जिजाजींनी ते ऐकलं. चेहरा गंभीर करून म्हणाले, "वर, मामाजी. पुष्कळ वर."

बाबा त्या रात्री पोटभर जेवले. परत जाताना नदी ओलांडायच्या आतच, डोंग्यातल्या सगळ्यांना सांगून मोकळे झाले.

परीक्षेत मी नापास झालो. शब्द सगळे आले होते, गणिताने घात केला. जिजाजींनी त्याच दिवशी अंथरूण गुंडाळायला लावलं. वाईट वाटलं, पण आतून सुटल्यासारखंही वाटलं. आता घरी राहायचं, शेती करायची, आईच्या हातचं खायचं, एवढंच मनात होतं. गावात धानाच्या रोपांचं रोवणं चालू होतं. धोतर खोचून मी सरळ शेतातल्या बांधीत उतरलो.

रोवणाऱ्या बाया थांबल्या. "मेंडिकंट साहेब चिखलात काऊन उतरले जी?" एकीने विचारलं. बाबांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

"बाबा, मी नापास झालो."

"हळू बोल! साऱ्या गावाले सांगून बसलो मी. आता तू इथी राह्यला तं मी तोंड कुठी दाखवू?"

त्या शब्दाचा अर्थ अगदी ओठावर आला होता. पण ते माझ्या पायांचा चिखल स्वतःच्या हाताने पुसायला लागले, आणि तो अर्थ मी गिळला. आईने रडत रडत शिदोरी बांधली. दुसऱ्या दिवशी मी परत नागपूरला.

तिथे लाकडाच्या टालावर मुनीम झालो. आपल्याच जंगलातलं सागवान उतरवून घेत जन्म गेला. माझ्यासारखे जे गाव सोडून गेले, ते निदान गावी परत जायची स्वप्नं तरी बघतात. मला तीही सोय उरली नाही.

आता आईबाबा नाहीत. मी आलो की तुम्ही सतरंजी अंथरता, मेंडिकंट साहेबाला आग्रहाने वाढता, आणि सकाळ झाली की विचारता, "साहेब, निघाचं कवा?" तुमच्या मनात वाईट काही नसतं, मला माहीत आहे. दारी आलेल्याला पोटभर वाढायचं आणि पुढच्या वाटेला लावायचं, एवढंच आता माझं घर. जिजाजींनी ते नाव चेष्टेने ठेवलं होतं. खरं केलं ते तुम्ही.