धुनीतली राख

लेक आयसीयूत आहे; बाहेर एका बाईनं माझ्या हातात अंगाऱ्याची पुडी ठेवली. त्या वासासरशी मोहाडीकडचा जुना मठ आठवला. तिथल्या मालगुजारानं, म्हणजे जमीनदारानं, त्याचा बंगला केला, पुढे बंगल्याचं संग्रहालय झालं. मी लहान असताना धाकटा भाऊ तापानं फणफणलेला, डॉक्टरांनी हात टेकलेले. आई त्याला खांद्यावर आणि मला सोबत घेऊन त्या संग्रहालयात साधूंच्या धुनीची राख मागायला गेली होती.

"दादा, चिमूटभर दे ना गा," ती पहारेकऱ्याला म्हणाली.

"धुनी कधीचीच विझली, माय. ते राख माह्या घरच्या चुलीची हाये. लोकायले दाखवाले टाकतो."

"तुह्या घरी लेकरं हायेत?"

"हायेत."

"बरी हायेत?"

"हो."

"मंग तेच दे."

तेव्हा मला आईची लाज वाटली होती. आता मी पुडी उघडते आहे, एक कणही सांडू न देता.